शाळेची जुनी रजिस्टरं वाचताना: कामाच्या नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

आधी थोडं सांगून ठेवतो. आमचं गाव आटपाडी भागातलं, जुन्या औंध संस्थानातलं, आठवडी बाजाराचं. शाळा आता झेडपीची आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मंडळानं शाळेचा इतिहास पुस्तिका म्हणून छापायचं ठरवलं आणि मी कॉम्प्युटरवर बसणारा म्हणून काम माझ्या गळ्यात आलं. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम टाकत नाही, का ते पुढं येईल. आणखी कुणी आपल्या गावच्या शाळेचं असं काही करणार असेल तर त्याचे पैसे आणि रविवार वाचावेत म्हणून या नोंदी.

१६ जून

शाळा उघडली, पहिल्याच दिवशी कपाट उघडून घेतलं. लोखंडी कपाट, खालचा कप्पा गंजलेला. आत काय काय निघालं तर जनरल रजिस्टरं (पोरं दाखल झाल्याच्या, सोडून गेल्याच्या नोंदींची), हजेरीपट (तेही अर्धेच), डेडस्टॉक (शाळेच्या सामानाची वही), पगारपत्रकं, एक शेरेबुक (तपासणीला आलेल्या साहेबांच्या शेऱ्यांचं) आणि लाल फडक्यात बांधलेला एक गठ्ठा ज्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. सगळ्यात जुन्या रजिस्टरला पुठ्ठाच नाही. पानांना कसर लागलेली, मधे मधे कुणीतरी सेलोटेप लावलाय, तो पिवळा पडून त्याखालची अक्षरं तेलकट झालीत. सेलोटेप कधीही लावू नका, फाटलेलं पान फाटलेलंच राहू दे.

ही रजिस्टरं टिकली ती दाखल्यांमुळं. जात पडताळणीला जुना पुरावा लागतो, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, त्यामुळं आज्या-पणज्याचा निर्गम उतारा (या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल) काढायला लोक वर्षभर येत असतात आणि कुठल्याच हेडमास्तरची ही वही रद्दीत घालायची हिंमत झाली नाही. हजेरीपटाचा असा काही उपयोग नाही म्हणून ते अर्धे गेले. २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदी शोधायला सगळ्या महाराष्ट्रात शाळांची कपाटं उघडली तशी आमचीही उघडली होती, आणि त्या गडबडीत बोटाला थुंकी लावून पानं उलटल्यानं उजवे खालचे कोपरे पार गेलेत. पण त्याच वेळी कुणीतरी जुन्या मोडी लिपीतली पानं कुठली त्याची पेन्सिलनं यादी करून ठेवली होती, तिचा आम्हाला फार उपयोग झाला.

२१ जून

परवानगी. जनरल रजिस्टर कायम जपायचं रेकॉर्ड आहे, ते शाळेबाहेर नेता येत नाही, ‘घरी नेऊन निवांत करतो’ हे डोक्यातून काढून टाका. अर्ज दोन प्रतीत द्या, एकीवर पोच घ्या. आमचा पहिला अर्ज वरच्या ऑफिसात कुठंतरी बसला, विचारायला गेलं की ‘साहेब मीटिंगला’. शेवटी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडून दुसरा अर्ज दिला तेव्हा हाललं. ठराव पहिल्यांदाच जोडा. अट अशी पडली की शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी आणि एक शिक्षक हजर असताना. म्हणजे हजर राहणाऱ्या शिक्षिका मॅडमच्या रविवारावर आमचं काम अवलंबून, त्यांना आधी विचारा, त्यांच्या घरच्यांनाही.

२९ जून

मोबाईलवरचं स्कॅनिंग ॲप वापरून बघितलं. फुकट आहे, पटापट होतं, दिसायला पण भारी दिसतं, आणि काहीच उपयोगाचं नाही. ॲप पान आपोआप पांढरंशुभ्र करतं, त्या नादात जुनी तपकिरी शाई पण पुसून टाकतं. ‘शेरा’ हा रकाना पानाच्या पार कडेला असतो, तो ॲपनं सरळ कापला. हे घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं तेव्हा कळलं, तोवर एक अख्खं रजिस्टर झालं होतं. सगळं परत.

आता नियम असा: साधा कॅमेरा, रंगीत फोटो, फ्लॅश बंद, पानाच्या चारी बाजूंनी दोन बोटं टेबल दिसलं पाहिजे. दहा पानं झाली की लॅपटॉपवर टाकून शेवटचा रकाना वाचता येतोय का ते तिथंच बघायचं. फायलींना नाव देताना १, २, ३ असं देऊ नका, ००१, ००२ असं द्या, नाहीतर १ च्या मागं १० आणि मग २ असा क्रम लागतो.

६ जुलै

आषाढी. पंढरपूर जवळ असल्यानं गाव रिकामं, शाळेत शांतता. हातात मोबाईल धरून पानं हलतायत म्हणून सुताराकडून लाकडी स्टँड करून घेतला. त्यानं आधी मोबाईलची खाच खोल कापली, कॅमेऱ्याच्या अर्ध्या भिंगापुढं लाकूड. तासून घेतलं. रजिस्टर पूर्ण १८० अंशात उघडलं तर शिवण तुटते, म्हणून दोन फळ्या इंग्रजी व्ही सारख्या तिरक्या लावून त्यात वही ठेवतो आणि एका वेळी एकच बाजू काढतो. वर काच ठेवून पान सपाट करायचा प्रयत्न केला तर काचेत ट्यूबलाईट आणि माझं टक्कल. काच काढली, ट्यूब बंद केली, उत्तरेच्या खिडकीचा उजेड घेतला. दुपारी चारनंतर काम बंद.

१९ जुलै

एक्सेलचा घोळ. नाव, जन्मतारीख, दाखल तारीख, सोडल्याची तारीख, कारण असे रकाने केले आणि दोघं पोरं टाईप करायला बसवली. नंतर क्रम लावायला गेलो तर जुनी पोरं यादीच्या तळाला आणि नवी वर. एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख म्हणजे तारीखच वाटत नाही, तो ती नुसती अक्षरं समजून ठेवतो. जुन्या रजिस्टरात जन्मतारखा १८९० च्या पुढच्या-मागच्या भरपूर. उपाय सोपा आहे, दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने आणि तिन्हीत नुसता आकडा. आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

शके लिहिलेल्या नोंदींचं असंच. ७८ मिळवा म्हणतात, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९ लागतात. मूळ जसं आहे तसं एका रकान्यात ठेवा आणि बदललेलं शेजारच्या रकान्यात, मूळ खोडू नका.

स्वातंत्र्यानंतरच्या रजिस्टरात अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा. हे सगळ्यांना माहीतच आहे, आमच्या घरात पण तिघं १ जूनवाले आहेत. गुरुजी पोराचा हात डोक्यावरून कानाला पोचतोय का बघायचे आणि तारीख लावून टाकायचे. पण टाईप करणाऱ्या पोराला वाटलं कॉपी-पेस्टमध्ये चूक झाली आणि त्यानं काही ठिकाणी तारीख ‘दुरुस्त’ केली! ती शोधून परत लावायला एक रविवार गेला. टाईप करणाऱ्याला आधी रजिस्टर वाचून दाखवा.

२ ऑगस्ट

मोडी. लाल फडक्यातला गठ्ठा आणि पहिल्या रजिस्टरचा बराच भाग मोडीत आहे. गूगल लेन्स छापील मराठी व्यवस्थित वाचतं, गुरुजींचं वळणदार बालबोध चार शब्दांत एक चुकवतं आणि मोडीपुढं हात टेकतं. यूट्यूब बघून मोडी शिकू म्हटलं, अक्षरं आठ दिवसांत ओळखू येतात पण मोडीत आधी ओळ मारून खाली अक्षरं सलग लिहितात, शब्द कुठं तुटतो तेच कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाहीच. सांगलीतले एक मोडी वाचणारे काका मिळाले, पानामागं १०० रुपये ठरले. फोटो पाठवला की चार दिवसांत वाचून देतात, रंगीत फोटोच मागतात.

काकांची एक शिस्त आवडली. जातीच्या रकान्यात एके ठिकाणी नुसतं ‘कु’ आणि दोन दांड्या आहेत. आमच्यातले एक जण म्हणाले, लिहून टाका कुणबी. काका म्हणाले, ‘मी कु एवढंच वाचलंय, एवढंच लिहून देणार. कुलकर्णी असेल, कुंभार असेल, तुम्ही ठरवणारे कोण?’ तसंच ठेवलंय.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर मंडळाची मीटिंग. पुस्तिकेत काय घ्यायचं यावर दोन तास. बहुतेकांचं म्हणणं, मुख्याध्यापकांची यादी, देणगीदारांचे फोटो आणि शाळेतून शिकून मोठे झालेल्यांची नावं. एकानं तर ठणकावून सांगितलं की गदिमा आपल्याच शाळेत होते. गदिमांचं शिक्षण आटपाडी, कुंडल, औंध असं झालं, या टापूतली प्रत्येक शाळा त्यांना आपलं म्हणते. रजिस्टर पहिल्या पानापासून बघितलं, नाव नाही. तरी ‘असतील हो, पान फाटलं असेल’ हे चालूच. फाटलेल्या पानावर कुणालाही बसवता येतं. मी तो उल्लेख घेतला नाही, यावरून एक देणगीदार कमी झाला, चालतंय.

त्याच दिवशी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांकडं गेलो, वय नव्वदीपार. संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे होते, औंधचे राजे पंतप्रतिनिधी बाळासाहेब स्वतः रोज घालायचे आणि पोरांकडून घालून घ्यायचे, हे आम्ही ऐकून होतो. आजोबांना विचारलं तर काठी बाजूला ठेवून खुर्चीतल्या खुर्चीत हात जोडले आणि ‘ॐ ह्रां मित्राय नमः’ पासून सगळे मंत्र न अडखळता म्हणून दाखवले, वर म्हणाले, ‘पाढं इसारलो, ह्ये नाय इसारलो.’ रेकॉर्डिंग केलं पण पंखा चालू होता, नुसता घरघर आवाज. परत जाऊन पंखा बंद करून केलं. मुलाखतीला जाताना पंखा, मिक्सर, टीव्ही आणि नातवंडं, चारही बंद.

२४ ऑगस्ट

हे सगळ्यात महत्त्वाचं काम निघालं, ठरवलेलं नव्हतं. ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना वर्षाप्रमाणं लावून बघितला. आमच्या शाळेचा इतिहास जर कुठं असेल तर तो या रकान्यात आहे असं माझं मत झालंय.

जुन्या पानांवर प्लेग येतो. ‘गाव सोडून माळावर’, ‘प्लेगमुळे गेला’ असं. माळावर म्हणजे गावाबाहेर झोपड्या टाकून राहायचे ते. साने गुरुजी दापोलीहून औंधला शिकायला आले आणि प्लेगमुळंच त्यांना औंध सोडावं लागलं, हे वाचलेलं होतं, पण आपल्याच गावच्या आडनावांपुढं तेच कारण बघताना वेगळं वाटतं. १९१८ च्या पावसाळ्याच्या शेवटाला ‘मयत’ हा शब्द एकाच पानावर खालीखाली येत जातो, ती मानमोडीची साथ. त्या पानावर शाई पण फिकी होत गेलीय, बहुतेक दौतीत पाणी घालून वापरली.

मुलींपुढं ‘लग्न झाले’, ‘घरकामास’. पोरांपुढं ‘गुरे राखणेस’, ‘मुंबईस गेला’, आणि पुढं ‘परप्रांती गेला’ वाढत जातं, ते गलाईवाले. आटपाडी-खानापूर भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार देशभर पसरलीत, त्यांची सुरुवात शाळेच्या रजिस्टरात दिसते. हे मंडळाला दाखवलं तेव्हा मात्र सगळे गप्प वाचत बसले, कारण प्रत्येकाचा चुलता नाहीतर मामा त्यात सापडला.

३१ ऑगस्ट

गणपतीत सगळे गलाईवाले गावाला आलेत, मुलाखतींना चांगले दिवस. पण वरच्या रकान्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ७२ च्या दुष्काळात ‘दुष्काळामुळे’ असं कारण भरपूर सापडेल असं वाटलं होतं. एकही नाही. त्या दोन वर्षांत सगळीकडं एकच शिक्का मारल्यासारखं ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’. त्यातले एक तात्या गावातच आहेत, त्यांना पान दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘गैरहजर कुठला रं? आईबरं तलावावर खडी फोडीत हुतो की. मिलो खाऊन. गैरहजर म्हनं.’ मिलो म्हणजे ती अमेरिकेची लाल ज्वारी. त्यांना पुढं शाळेत का घेतलं नाही विचारलं तर म्हणाले, ‘मास्तर आल्यालं बोलवायला. मीच नाय गेलो. धाकली दोघं हुती ना, त्यास्नी धाडलं.’ धाकट्या दोघांची नावं खरंच पुढच्या वर्षी दाखल आहेत.

म्हणून आता नियम: कारणाच्या रकान्यातला शब्द गुरुजींचा असतो. जिवंत माणूस सापडला तर त्याला विचारायचं आणि शेजारी वेगळा रकाना करायचा.

१४ सप्टेंबर

पाऊस. कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल आली, खालच्या कप्प्यातली पगारपत्रकं भिजली. उन्हात वाळवायची नाहीत, कागद करकरतो. वर्गात दोरी बांधून पंख्याखाली एकेक पान सोडून वाळवलं, चिकटलेली पानं ओढली नाहीत. कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढलं आणि खाली विटा लावल्या. खर्च शून्य, हे जूनमध्येच करायला हवं होतं. कुणीतरी जुनी पानं लॅमिनेट करून घ्या म्हणालं, ते अजिबात नको, एकदा प्लास्टिकमध्ये गेलेला कागद परत काढता येत नाही. पुण्याहून जपानी टिश्यू (जुनी पानं सांधायचा पातळ कागद) मागवला, ८५० रुपये, आणि गव्हाच्या पातळ खळीनं फाटलेल्या कडा सांधल्या. पहिली खळ घट्ट झाली, पान आकसलं. ताकाएवढी पातळ पाहिजे.

वाळवता वाळवता पगारपत्रकं वाचली. एक हेडमास्तर, एकच वळणदार सही, कित्येक वर्षं. जानेवारी १९४८ ला सही आहे. फेब्रुवारीला नाही. मार्चला दुसऱ्या हाताची, आणि त्याच महिन्यात, ८ मार्चला, संस्थान विलीन झालं. मंडळातले एक म्हणाले, विलीनीकरणामुळं बदली झाली असणार. जुन्या माणसांना विचारलं तर त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, गांधीजींच्या खुनानंतर आमच्या भागात ब्राह्मणांची घरं जाळली, मास्तरांचं पण जाळलं, ते रात्रीतून कुटुंब घेऊन गेले ते परत आले नाहीत. जाताना शाळेच्या किल्ल्या शेजारी देऊन गेले. हे पुस्तिकेत घेतलंय, मास्तरांचं नाव न घेता, चार ओळीत.

५ ऑक्टोबर

मंडळात सगळ्यात मोठं भांडण याच आठवड्यात. जुन्या महारवाड्यातल्या एका आजींच्या वडिलांचं नाव रजिस्टरात आहे. आजी म्हणाल्या, आमचा बाप दाराबाहेर बसून शिकला, पाटी मास्तर लांबून बघायचे, आणि पाणी घरचंच. औंध संस्थान पुढारलेलं म्हणून आपण सगळीकडं सांगतो, १९३९ ची राज्यघटना, गांधीजींचा सल्ला, मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे म्हणून प्रौढांना अक्षरं शिकवायची धडपड, हे सगळं खरंच आहे आणि पुस्तिकेत पण आहे. आटपाडीत जन्मलेले शंकरराव खरात औंधला शिकून पुढं मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तेही आहे. पण मग दाराबाहेरचा बाप पण पाहिजे. ‘शुभ कार्यात हे कशाला’ असं दोघांचं म्हणणं. मी म्हटलं, शाळेचा इतिहास आहे, लग्नपत्रिका नाही. मतदान घेतलं, आजींचं दोन पानी बोलणं जसंच्या तसं जातंय, त्यांना वाचून दाखवून, त्यांची सही घेऊन.

आणि जातीचा रकाना. सगळी यादी नेटवर टाकू या असा उत्साह होता, तो मी थांबवला. रजिस्टरात जात आहे, बापाचं नाव आहे, कुणाचं कुठं वर्तन ‘बरे नाही’ असाही शेरा आहे, आणि ज्यांच्या जन्मतारखा आहेत त्यातले बरेच जिवंत आहेत. आमच्याकडं आता दोन फायली आहेत. एक पूर्ण, ती शाळेच्या ताब्यात. दुसरीत नाव आणि जात काढून फक्त वर्ष, मुलगा-मुलगी, इयत्ता, सोडल्याचं कारण, ती मागेल त्याला देतो. गावाचं नाव इथं न टाकायचं कारण हेच.

२ नोव्हेंबर

छपाई. युनिकोडमध्ये टाईप केलेला मजकूर दिला, प्रेसवाल्यानं (नाव नको) आपल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला. प्रूफमध्ये ‘कॅमेऱ्याच्या’चं ‘कॅमेर्याच्या’ आणि ‘ह्रां’ पार उडालेलं, म्हणजे आजोबांचा मंत्रच गेला. दोनदा सांगून तिसऱ्यांदा तेच. शेवटी मजकूर आम्हीच लावला आणि फॉन्टसकट पीडीएफ करून दुसऱ्या प्रेसला दिली. पहिल्याचे तीन हजार ॲडव्हान्स गेले. ॲडव्हान्स देण्याआधी एक पान, ज्यात ऱ्या, ऱ्हा, ह्रा, ॲ, ळ्ह असं सगळं आहे, छापून मागा.

६४ पानं, ३०० प्रती, एका प्रतीला ५८ रुपये.

२३ नोव्हेंबर

हिशेब: छपाई १७,४००, बुडालेले ३,०००, मोडी वाचन ७,२००, स्टँड १,१००, टिश्यू ८५०, हार्डडिस्क दोन मिळून ९,०००, टाईप करणाऱ्या पोरांना ६,०००. चहा-वडापाव धरला नाही. देणगी ४१,००० जमली होती, वरचे साडेतीन हजार मंडळातल्या तिघांनी भरले. हार्डडिस्क दोनच घ्या, तीन नको आणि एक तर नकोच, एक शाळेत आणि एक गावाबाहेर कुणाकडं तरी.

राहिलंय ते शेरेबुक. त्यात दिपोटी साहेबांचे, म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटींचे, इंग्रजी शेरे आहेत, अक्षर डॉक्टरपेक्षा वाईट, त्यातलं मला फक्त ‘रूफ’ आणि ‘लीकिंग’ एवढंच लागलंय, आणि ते जवळपास प्रत्येक भेटीत आहे.

स्टँडची मापं बऱ्याच जणांनी मागितली म्हणून देतो. खालचा पाट २४ बाय १८ इंच, उभी पट्टी २६ इंच, वरचा हात १४ इंच पुढं आलेला, मोबाईलच्या खाचेची खोली अर्धा इंच आणि कॅमेऱ्याच्या जागी पूर्ण आरपार मोकळं. व्ही च्या दोन फळ्या १५ बाय १० इंच, बिजागरीवर, म्हणजे जाड रजिस्टरला कोन कमी-जास्त करता येतो. सागवान नको, साधं प्लाय चालतं, कडा मात्र पॉलिश पेपरनं घासून घ्या, आमच्या पहिल्या फळीच्या कुसळात एक पान अडकलं होतं.